तिसऱ्या धबधब्याचं नाव

वाटेच्या तोंडाशी पत्र्याची पाटी ठोकलेली होती. तिच्यावर करांद्याचा वेल चढला होता. सृष्टीने तो बाजूला सारला आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचलं, "दरड कोसळल्यामुळे धबधब्यांकडे जाणारी वाट बंद आहे. कोणीही पुढे जाऊ नये."

"ऐकलंत आई?" अस्मिता सासूला म्हणाली. "कोणीही म्हणजे त्यात आपणही आलो."

"ती पाटी पावण्यांका गो," काशीबाई म्हणाल्या. "आपल्या माळ्याच्या शिडयेर कोण पाटी लावता?"

अस्मिताने पाठीवरची पिशवी घट्ट केली आणि सासूने हातातली काठी नीट धरली आहे ना ते पाहिलं. ओरोसच्या कचेरीत ती रोज कागदावर सह्याशिक्के बघूनच पुढचं पाऊल टाकणारी बाई. बंद वाटेवर ती आली होती ती दोनच कारणांनी. एक, बारा वर्षांची सृष्टी आजीबरोबर एकटी जाऊ नये म्हणून. दुसरं, ही संधी गेली तर परत येणार नाही, हे तिलाही कळत होतं म्हणून.

काशीबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कडेचं जग आधी गेलं. मग समोरचं आकसत आकसत इतकंसं उरलं, की चुलीची फुंकणी डोळ्याला लावून बघावं तसं त्यांना दिसे. माणसाशी बोलताना नाक दिसलं तर कान दिसायचा नाही. आता त्या फुंकणीच्या तोंडाशीही धुरकट व्हायला लागलं होतं. कुडाळच्या डॉक्टरांनी हात धरून, सावकाश, खरं ते सांगितलं होतं. काशीबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पहिली गोष्ट बोलल्या ती ही: "सृष्टीक कड्यार न्हेवक होया. ह्या श्रावणातच."

कारण असं, की त्या वाटेवरच्या जागांची नावं आता एकट्या काशीबाईंना ठाऊक होती.

त्यांची तांबळवाडी वैभववाडीच्याही आत, घाटाला पाठ टेकून बसलेली. पूर्वी वाडीत सुना यायच्या त्या बहुतेक घाटावरच्या गावांतून, ह्याच वाटेने उतरून. आणि पंचमीला माहेरी जायच्या त्या ह्याच वाटेने चढून. पुरुषांचा रस्ता निराळा, बैलगाडीचा, लांबून जाणारा. ही पायवाट बायकांची. तिच्यावरच्या दगडांना, वळणांना, धबधब्यांना नावं दिली ती बायकांनीच, आणि ती सासूने सुनेला सांगायची. त्याला एक नियम होता. नाव घरात सांगायचं नाही. त्या जागेवर न्यायचं, तिथे उभं करायचं आणि मगच सांगायचं. काशीबाईंना त्यांच्या सासूने, आनंदीबाईंनी, तसंच सांगितलं होतं.

"घरात सांगलेला नाव कानात रवता," काशीबाई म्हणत. "पायात जायना नाय."

पुढे एसटी आली, घाटावरच्या सुना येईनाशा झाल्या, आणि अस्मिता तर वालावलची, खाडीकाठची. तिला ह्या वाटेने माहेरी जायचं काही कारणच नव्हतं. मधली काही वर्षं शहरातली मुलं मोटारसायकलवरून यायची, पहिल्या धबधब्याला 'सेल्फी पॉइंट' म्हणायची आणि तिथूनच परत जायची. मग एका पावसात दरड आली आणि वाट बंद झाली. चार पावसाळे त्या बाजूला कोणी फिरकलं नाही.

म्हणून मंगेशने, काशीबाईंच्या मुलाने, आदल्या रविवारी कोयता घेऊन पहिल्या धबधब्यापर्यंत रान तोडून ठेवलं होतं. पोलीसपाटलांच्या कानावर घातलं होतं. आज त्याला नोकरीवरून सुटी मिळाली नाही, पण बायकोकडून त्याने कबूल करून घेतलं होतं: धुकं दाटलं आणि काठीचं टोक दिसेनासं झालं, की असतील तिथून मागे फिरायचं.

"चला," सृष्टी म्हणाली. "आजी, माझ्या खांद्यार हात ठेव."

"ठेवतंय. पण तू चालताना बडबड कर. माका तुझो आवाज दिसता."

चढ सुरू झाला. लावणी संपून दहाएक दिवस झाले होते. खाली चोंढ्यांतून भाताची रोपं नुकती मुळं धरत होती, आणि त्यांच्या हिरव्या वासाला इथे वर ओल्या पालापाचोळ्याचा काळपट वास येऊन मिळत होता. काशीबाई आयुष्यभर वाडीतल्या अंगणवाडीत पोरांना शिकवत आल्या होत्या. वाडीतल्या निम्म्या बाप्यांना त्यांनीच नाक पुसून 'अ' काढायला लावला होता. शिकवण्याची त्यांची एकच रीत, सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त.

"ह्या धोंड्यार पाय ठेवतलंस?"

"होय."

"तेका इचारलंस?"

"धोंड्याक काय इचारू?"

"काठयेन इचार. ठोक. काय म्हणता?"

सृष्टीने ठोकलं. दगड किंचित हलला. "हलतंय म्हणता," ती म्हणाली.

"मगे तेका रवांदे. दुसऱ्याक इचार."

थोड्या वेळाने अस्मिताही, कोणी न सांगता, पाय टाकण्याआधी काठी ठोकायला लागली. तिच्या पायाला जळू चिकटली तेव्हा ती किंचाळली नाही. तिने पिशवीतून मिठाची पुरचुंडी काढली आणि चिमूटभर मीठ टाकून ती सोडवली. काशीबाईंना ते दिसलं नाही, पण मिठाची कागदी पुडी उलगडल्याचा आवाज त्यांनी ओळखला. सून तयारीने आलीय, हे त्यांनी मनात नोंदवलं.

एका वळणावर कातळाची पसरट पाठ वाटेत आडवी आली. काशीबाईंनी तळवा टेकवला, गुळगुळीत जागा चाचपली आणि त्या बसल्या.

"हय बस. तूय बस गो अस्मिता. बसल्यार काय करूसा वाटता?"

सृष्टीने ओढणीने तोंड पुसलं. "घाम पुसूसो वाटता."

"ही घामपुशी," काशीबाई म्हणाल्या.

सृष्टी हसली. "इतक्यासाठी घरात सांगूक नाय होय?"

"आता विसरतलंस?"

सृष्टीने कातळावरून हात फिरवला. कित्येक बायकांनी बसून बसून तो मधोमध खोलगट केला होता, तिथे तिची बोटं बरोबर बसली. "नाय," ती जरा हळू आवाजात म्हणाली.

पहिला धबधबा दिसायच्या आधी अंगाला लागला. हवा एकदम गार झाली, केसांवर बारीक दव धरलं, आणि रानाचा पडदा सरला तसा समोर कडा उभा राहिला, इतका उंच की सृष्टीला मान मागे टाकताना तोल सावरण्यासाठी आजीचाच हात धरावा लागला. वरून पाणी सुटलं होतं, पण ते पाण्यासारखं येत नव्हतं. कड्याच्या पायरीपायरीवर आपटून ते फुटत होतं, फुगत होतं, हलकं होऊन तरंगत खाली उतरत होतं. उशी फाडून कापूस पिंजावा तसं. काशीबाईंच्या फुंकणीत त्यातला एक पांढरा तुकडा आला आणि हलत राहिला.

"ही पिंजारीण," त्या म्हणाल्या.

"बरोब्बर!" सृष्टी ओरडली. "आई, बघ, खरंच पिंजतेय!"

अस्मिताने मोबाइल काढला होता. फोटो काढायला तो वर धरला आणि तसाच धरून ती बघत राहिली. कडा त्या काचेत मावत नव्हता. तिने तो परत पिशवीत टाकला.

तिथून पुढे मंगेशच्या कोयत्याची वाट संपली. आता जुनी वाट रानाच्या पोटात होती. गुडघाभर तेरडा, त्याच्यातून वर आलेली कारवी, आणि त्याखाली कुठेतरी आनंदीबाईंच्या काळची पावलं. अस्मिता पुढे झाली. काठीने झाडोरा बाजूला करत, जमीन ठोकत ती चालायला लागली. पाठोपाठ सृष्टी आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून काशीबाई. वाट चुकली की काशीबाईंच्या तळव्यांना कळायचं. "हय माती मऊ लागता. वाट घट्ट आसता. वायच डावीकडे जा." आणि खरंच, डावीकडे दोन पावलांवर पाय कठीण जमिनीवर यायचा. मग अस्मिता मागे वळून सासूच्या अनवाणी पावलांकडे बघायची. चप्पल त्यांनी घामपुशीपाशीच काढून कमरेला बांधली होती.

दुसऱ्या धबधब्याचा आवाज बराच आधीपासून येत होता. जवळ गेल्यावर तो इतका वाढला की एकमेकींच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. एकाच कड्यावरून, हातभर अंतर ठेवून, दोन धारा सरळ खाली कोसळत होत्या. एक जरा जाड, एक जरा बारीक. खाली काळ्या डोहात दोघी पडत आणि दोघींचं पाणी उसळून एकमेकींवर जाई. पायाखालचा खडक त्या आवाजाने थरथरत होता. काशीबाईंना तो थरार टाचेपासून गुडघ्यापर्यंत चढताना कळत होता. वर बघितलं तर कडा, खाली बघितलं तर डोह, आणि मध्ये तीन बायका, तांदळाच्या कोंड्याएवढ्या.

"काय करतत दोघी?" काशीबाईंनी सृष्टीच्या कानात विचारलं.

"भांडतत!"

"ह्या जावा."

सृष्टी खो खो हसली. तिने आईच्या कानात ओरडून नाव सांगितलं. अस्मिताही हसली. "कुठली मोठी?" तिने विचारलं.

"जी गप बसता ती," काशीबाई म्हणाल्या. "पण एकय गप बसना नाय, म्हणून कळना नाय."

इथवर सगळं आनंदीबाईंच्या वेळी होतं तसंच होतं. काशीबाईंना काळजी होती ती पुढच्याची. तिसरा धबधबा. त्याच्यासाठीच ही सगळी वाट होती. पहिल्या दोघींचं नाव एखादी शहाणी मुलगी बघून स्वतःच ठेवू शकली असती. तिसऱ्याचं नाव मात्र ज्या बाईने ठेवलं, ती इथून माहेरी गेलेली, आणि परत उतरताना रडलेली असणार. ते नाव आज सृष्टीच्या पायात गेलं नाही, तर काशीबाईंबरोबर ते घरातल्या खाटेवर पडून राहणार होतं.

आणि जावांच्या पुढेच दरड आलेली होती.

अस्मिता थबकली. रान एकदम संपलं होतं. वरपासून खालपर्यंत डोंगराची कातडी सोलून निघाली होती. लाल माती, तिच्यात रुतलेले घराएवढे धोंडे, आणि त्यांच्या फटींतून चार वर्षांत उगवलेल्या रानकेळी. जुनी वाट तिथे तुटली होती. "आई, पुढे वाट नाही," ती म्हणाली.

काशीबाईंच्या पायांना विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यांनी कान लावला. जावांचा आवाज मागे. पुढून, वरच्या अंगाने, आणखी एक आवाज येत होता. घोगरा, भरलेला.

"पाणी!" सृष्टी म्हणाली. "आजी, तिसरो! धोंड्यांच्या कडेन वर जावक येता. हे धोंडे नाय हलणत, मी इचारलंय."

अस्मिताने आधी स्वतः जाऊन प्रत्येक धोंडा ठोकून पाहिला, मग दोघींना एकेक पाऊल सांगत वर घेतलं. दरडीच्या कडेने, रानाला चिकटून, त्या वर आल्या. आवाज समोर आला. पाण्याचे शिंतोडे उडाले.

"केवडो आसा गो आजी! दरडीच्या मधसून येता! नाव सांग, नाव सांग!"

काशीबाई उभ्या राहिल्या. फुंकणीतून काहीतरी हलताना दिसत होतं. सृष्टीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. पाठीमागून धुकं चढायला लागलं होतं. त्याचा गारवा त्यांच्या मानेला लागला.

"पाणी खाली पडता?" त्यांनी विचारलं.

"पडता म्हणजे! धो धो पडता."

काशीबाई आनंदीबाईंबरोबर आल्या होत्या तेव्हा हा आवाज नव्हता. हा धबधबाच नव्हता. दरडीने डोंगर फोडला आणि पाण्याला नवी वाट मिळाली, तिचा हा.

"झाले ना तिन्ही?" अस्मिता म्हणाली. "आई, धुकं येतंय. सांगून टाका नाव आणि फिरू."

सांगून टाकावं. किती सोपं होतं. पोर खुश होती, सून दमली होती, धुकं येत होतं. हाच तिसरा म्हणून नाव ठोकून द्यायचं. कोणाला कळणार होतं? सगळ्या जगात सांगणारी एकच बाई, आणि तिलाही दिसत नाही. पण मग सृष्टी उद्या तिच्या मुलीला इथे आणील, ह्या पाण्यासमोर उभी करील, ते नाव सांगेल, आणि ती मुलगी समोर बघून म्हणेल, असं का म्हणतात? इथे तर तसं काहीच नाही.

"हो तो न्हय," त्या म्हणाल्या.

"मगे तो खंय?"

"हयच खंय तरी. जवळ."

"आवाज कुठेय?" अस्मिताने विचारलं. "दुसरा काहीच आवाज नाही, आई."

तिसऱ्याला आवाज नाही हे काशीबाईंनी सांगितलं असतं, तर अर्धं नाव सांगितल्यासारखंच झालं असतं.

"हे बघा," अस्मिताचा आवाज आता कचेरीतल्यासारखा झाला. "मी इथवर आले. मला तुमची वाट आवडली, खोटं नाही सांगत. पण एका नावासाठी मी पोरीला धुक्यात कड्याच्या अंगाला नेणार नाही. तुम्ही असता माझ्या जागी, तर नेली असती?"

प्रश्न रास्त होता. काशीबाईंनी मुलांना शिकवताना रास्त प्रश्नाला नेहमी खरं उत्तर दिलं होतं. "नाय," त्या म्हणाल्या. "न्हेलंय नसतंय."

त्या दगडावर बसल्या. आपल्यालाच आता नियम मोडावा लागणार, हे त्यांना कळलं. इथेच, चुकीच्या जागी, जवळपासच्या भरवशावर, नाव सांगून टाकायचं. न सांगण्यापेक्षा ते बरं. त्यांनी सृष्टीचा हात शोधला.

सृष्टी मात्र कुरकुरत होती. "काय ह्या रेनकोटाक अर्थ नाय. टोपी घातलंय तरी नाक भिजता. हनुवटी भिजली. पाऊस टोपयेच्या आत कसो येता?"

काशीबाईंचा हात थांबला. "काय म्हटलंस?"

"पाऊस खालसून येता, आजी."

काशीबाईंनी चष्मा काढला आणि काचेला आतून बोट लावलं. आतली बाजू ओली होती.

"आवशीक हाक मार. अस्मिता, हय ये, बायो. धुका जावची वाट बघूक नको, धुक्यातय आपणाक रस्तो गावता. तोंड वर कर सृष्टी. डोळे मिट. पाणी खंयच्या गालाक लागता?"

"उजव्या."

"फिर. दोन्ही गालांक सारख्या लागापर्यंत फिर."

सृष्टी सावकाश फिरली. अस्मितानेही, काय चाललंय ते नीटसं न कळता, तोंड वर केलं आणि डोळे मिटले. खालून वर येणारे बारीक, गार थेंब. आधी एका गालावर, मग दोन्ही.

"हय!" सृष्टी म्हणाली. तिचं बोट पश्चिमेला, रानाच्या बाजूला होतं. दरडीच्या विरुद्ध.

अस्मिताने त्या दिशेला काठी पुढे केली. टोक दिसत होतं. तिने ते दोनदा पाहिलं. "टोक दिसतंय तोवर," ती म्हणाली. "मी पुढे. माझा पदर सोडायचा नाही."

गालांना विचारत विचारत त्या रानात शिरल्या. थोड्याच पावलांत काशीबाईंच्या तळव्यांखाली जमीन एकदम घट्ट झाली आणि त्यांच्या तोंडून हुंकार बाहेर पडला. जुनी वाट. दरडीने तिचा मधला तुकडाच तेवढा खाल्ला होता. पुढची वाट रानाखाली शाबूत होती. मागच्या पाण्याचा आवाज झाडांनी हळूहळू गिळला. आता पानांची सळसळ आणि वारा, एवढंच. समोर काळा सपाट कातळ आला, आणि त्याच्या पुढे काही नव्हतं.

"बसा," काशीबाई म्हणाल्या. "बसून सरका. कातळाच्या ह्या कडेक पाय लावा, पुढे नको. आता गप."

त्या बसल्या. समोर सगळं पांढरं. वारा दरीतून वर येत होता, इतका भरून की अंग त्याच्यावर रेलावं. ओल्या कपड्यांची टोकं वर उडत होती. आवाज नव्हता. सृष्टीने काही विचारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात धुकं फाटलं.

अस्मिताने श्वास आत घेतला तो काशीबाईंना ऐकू आला. बाहेर सोडलेला ऐकू आला नाही. "अगो बाय," ती एवढंच म्हणाली. वालावलच्या खाडीवर, लहानपणी म्हणाली असेल तसं.

सृष्टीचा हात काशीबाईंच्या हातात होता. तो आधी घट्ट झाला, मग सैल पडला, मग पुन्हा घट्ट झाला. काशीबाईंनी विचारलं नाही. वर्गातसुद्धा एखादं पोर पहिल्यांदा काही बघत असलं की त्या पाटी हलवत नसत.

त्यांनी डोळे समोर धरले. फुंकणीच्या तोंडाशी राखाडी होतं. ढगांतून उन्हाचा एक पट्टा सुटला असावा. राखाडीत काहीतरी उजळलं, आणि त्या उजेडात पांढरं असं काही वर गेलं. खाली नाही, वर. त्यांनी डोळे मिटले. खरंच दिसलं की आनंदीबाईंच्या शेजारी बसून पाहिलेलं आठवलं, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि त्यांना त्याची गरजही वाटली नाही.

"आजी," बऱ्याच वेळाने सृष्टीचा आवाज आला, अगदी बारीक. "ती पडतच नाय."

"काय करता ती?"

"कड्यारसून उडी मारता. पुरी मारता. अर्ध्यार येता, आणि मगे... वारो तिका धरता. आणि ती परत वर जाता. सगळी. धुरासारखी. कड्याच्या पण वर, आणि झाडांर पडता, आणि परत व्हाळात येता, आणि परत उडी मारता." तिचा श्वास पुरत नव्हता. "खाली कोरडाच आसा, आजी. तळाक पाणीच नाय. आवाज करूक ती पोचतच नाय."

"इंद्रधनुष्य आहे," अस्मिता म्हणाली. "पूर्ण गोल. मी कधी गोल पाहिलं नव्हतं." मग सासूकडे वळून, "आई, नाव सांगा ना."

काशीबाईंनी एक हात सुनेच्या पावलावर ठेवला आणि एक नातीच्या. दोन्ही पावलं ओली, दोन्ही कातळाला टेकलेली.

"ही माघारीण," त्या म्हणाल्या.

लग्न झालेली लेक माहेरी येते तिला माघारीण म्हणतात, हे सृष्टीला ठाऊक होतं. देवळाच्या वार्षिकाला वाडीच्या माघारणी येत, त्यांची ओटी भरत. तिने तो शब्द शंभरदा ऐकला होता. आता तो ऐकून ती समोर बघत राहिली. कड्यावरून सुटलेलं, अर्ध्या वाटेवरून परत फिरणारं पाणी, पुन्हा पुन्हा आपल्या डोंगराकडे चढत होतं.

"मगे ती सासरी केदवा पोचता?" तिने विचारलं.

"वारो पडलो काय पोचता. कोणाक आयकाक येना नाय अशी उतारता."

अस्मिताने पदराने तोंड पुसलं. खालून येणाऱ्या पाण्याने ते लगेच पुन्हा भिजलं. शिमग्यानंतर आपण वालावलला गेलो नाही, असं काहीतरी ती म्हणाली. वाऱ्याने शब्द उचलून नेले. काशीबाईंनी तिच्या पावलावरचा हात तसाच ठेवला. धुक्याच्या लाटा येत राहिल्या, कडा झाकत, क्षणभराने परत मोकळा करत, आणि दर वेळी तिघींना वाटलं की आपण तो पहिल्यांदाच पाहतोय.

मग काठीचं टोक पुसट व्हायला लागलं आणि अस्मिता उठली. कोणी हट्ट केला नाही. आल्या पावली, जुन्या वाटेने, रान ओलांडून त्या दरडीपाशी आल्या. नव्या पाण्याचा घोगरा आवाज पुन्हा समोर आला. खाली उतरायचा धोंड्यांचा टप्पा तिथूनच सुरू होत होता. सृष्टी मात्र थांबली.

"आजी, हिचा नाव काय?"

"माका म्हायत नाय. मी तिका आजच भेटलंय."

"म्हणजे हिका नावच नाय?"

"दरडीबरोबर इली ती. कोण सांगतला?"

सृष्टी त्या पाण्याकडे बघत राहिली. मग ती दोन पावलं पुढे गेली, काठीने ठोकून बघितलं आणि जिथे पाणी दगडांतून पातळ होऊन वाहत होतं तिथे उभी राहिली.

"आई, हय ये. चप्पल काढ. आजी, तूय ये. माझो हात धर."

"सृष्टी, उशीर होतोय."

"आई, जाग्यावर येवक होया!"

अस्मिताने चप्पल काढली. तिघी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी गार होतं आणि त्यात बारीक वाळू होती. ती काशीबाईंच्या बोटांमधून सरकत होती.

"आजी, तुका दिसना नाय म्हणून सांगतंय. हिचा पाणी तांबडा आसा. दरडीची माती आसा ना. शालू नेसल्यासारखी तांबडीलाल. आणि ती नवी इली, जावांच्या घरात." सृष्टीने आवाज चढवला, कारण पाणी ऐकू देत नव्हतं. "ही व्हकल!"

काशीबाईंना हसू आलं. "नवी नवरी इतकी बोलता?"

"आताच्या व्हकली बोलतत," सृष्टी आईकडे बघत म्हणाली.

"घरी चल, दाखवते तुला," अस्मिता म्हणाली, पण तिचे पाय पाण्यातच होते.

काशीबाईंनी नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. ऐकू आलं नाही म्हणून सृष्टीने त्यांचा हात हलवला.

"मोठ्यान म्हण, आजी."

काशीबाई पाण्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "व्हकल."

"परत," सृष्टी म्हणाली.